शिक्षणाचा कागद नाही, भीड चेपत नाही: कामाचा शोध कुठून सुरू करायचा?

निवडुंग
नमस्कार मंडळी. प्रश्न थेट मांडते. शाळा अर्धवट सुटलेली, हातात एकही प्रमाणपत्र नाही, नोकरीचा अनुभव नाही किंवा मध्ये बरीच वर्षं खंड पडलेला. त्यात स्वभाव बुजरा. अनोळखी माणसापुढे उभं राहिलं की घशाला कोरड पडते, आणि 'काय काय येतं?' असं कोणी विचारलं की तोंडातून 'काही नाही' एवढंच निघतं. अशा माणसाने काम शोधायला नेमकी सुरुवात कशी करावी?

'आत्मविश्वास बाळगा', 'सकारात्मक राहा' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मला पायऱ्या हव्या आहेत. कुठे जायचं, कोणाला गाठायचं, कोणतं वाक्य बोलायचं, नकार आला तर पुढचं वाक्य कोणतं, आणि माणूस घसरतो तो कुठे. कुठल्याही गावाला लागू पडेल असं लिहिलंत तर जास्त जणांना उपयोग होईल.

टाचणी
'काही येत नाही' हे जवळपास कधीच खरं नसतं. येत असतं, त्याला कोणी नाव दिलेलं नसतं. हे नाव द्यायचं काम घराबाहेर पडण्याआधी करून टाकायचं.

एक वही घ्या, पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा: काय केलं, किती केलं, किती दिवस केलं, आणि काय बिघडू दिलं नाही. पगार मिळाला का, हा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. आता 'घरातल्या आजारी माणसाकडे बघितलं' एवढ्यावर थांबू नका. 'दिवसातून ४ वेळा औषधं, २ वर्षं, वेळ चुकू दिली नाही, संपायच्या ३ दिवस आधी नवीन आणून ठेवली' असं लिहा. या एका ओळीत वेळ पाळणं आलं, साठ्यावर नजर ठेवणं आलं आणि न सांगता करणं आलं. गोदामात, दवाखान्यात, दुकानात हेच तर हवं असतं. 'कार्यक्रमात मदत केली' याऐवजी '२०० खुर्च्या उतरवून घेतल्या, मांडल्या, मोजून परत दिल्या'. आकडा आला की वाक्याला वजन येतं.

२० ओळी होईपर्यंत वही मिटायची नाही. पहिल्या ५-६ भरभर सुचतात, मग वाटतं संपलं. कामाच्या ओळी त्यानंतर येतात. दुसऱ्या बैठकीला शेजारी अशा कोणाला तरी बसवा, ज्याने तुम्हाला काम करताना बघितलं आहे. बुजऱ्या माणसाला आपली कामं ही कामं वाटतच नाहीत. ती दुसऱ्याला दिसतात.

रानवारा
चौथा रकाना फार आवडला. एरवी कोणी विचारतच नाही तो.

चाकोरी
वही ठीक आहे, पण ती बघणार कोण? कागद नसलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. अशी कामं ओळखीवर लागतात, आणि ज्याची भीड चेपलेली नाही त्याच्या ओळखी तरी कुठून असणार? आधी ओळख, मग वही.

दुर्बीण
@चाकोरी, ओळखीचा मुद्दा बरोबर आहे, फक्त 'ओळख' म्हटल्यावर आपण जवळची माणसं धरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांच्या वर, आणि वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहून कमी भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण उघड आहे. रोजच्या माणसांना जी बातमी असते ती आपल्यालाही असते. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते.

म्हणजे ओळखी नाहीत असं म्हणणाऱ्याने मित्र मोजू नयेत. जुना शेजारी, शाळेतला शिपाई, सामान पोचवणारा, ज्याच्याकडे सायकल दुरुस्त होते तो, दवाखान्यात नंबर लावणारी बाई. 'नाव माहीत आहे किंवा चेहऱ्याने ओळखतो' एवढीच अट ठेवली तर बुजऱ्या माणसाचीही यादी ३० पर्यंत जाते.

चाकोरी
तो अभ्यास शिकलेल्या, कार्यालयीन आणि तांत्रिक कामं करणाऱ्यांचा होता, नाही का? अंगमेहनतीच्या कामाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

दुर्बीण
बरोबर पकडलंत. व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामं करणारेच होते ते. टक्के उचलून इथे चिकटवू नयेत, मान्य. एक फरक तर नक्कीच धरायला हवा. आपल्यासारख्याच परिस्थितीतली लांबची ओळख फारशी नवी बातमी देत नाही. जो माणूस कामाच्या जागेच्या आत आहे, त्याची ओळख हवी. मग तो रखवालदार का असेना. माणसं कमी पडली की ते फाटकावर सगळ्यांत आधी कळतं.

कंदील
रखवालदाराबद्दल +१. आणखी एक, कोणी काम सोडून गेलं हे सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना जाहिरात लागायच्या आधी माहीत असतं.

सुतळी
मी वाक्यांबद्दल लिहिते, कारण घसरायला होतं ते तिथेच.

'काही काम आहे का?' हे वाक्य टाळा. त्याला 'नाही' म्हणायला समोरच्याला अर्धा सेकंद लागतो, कारण 'काही' म्हणजे काय याचा विचार त्याने करायचा असतो, आणि त्याला वेळ नसतो. बुजरी माणसं तर आणखी घोळ घालतात: 'काम नसेलच ना तुमच्याकडे?' असं विचारून नकार आपणच समोरच्याच्या तोंडात देतात. त्याऐवजी वहीतल्या तीन गोष्टी घालून वाक्य बांधायचं:

'नमस्कार, माझं नाव अमुक. सामान मोजून लावणं, पॅकिंग आणि साफसफाई ही कामं मला येतात. तुमच्याकडे मदतनीस म्हणून घ्यायचं कोण ठरवतं, त्यांना कधी भेटता येईल?'

या वाक्यात काम मागितलेलंच नाही. माणूस आणि वेळ मागितली आहे. गल्ल्यावरच्या किंवा फाटकावरच्या माणसाला नोकरी द्यायचा अधिकार नसतो, पण नाव आणि वेळ तो सांगू शकतो. जे त्याच्या हातात आहे तेच मागितलं तर तो सहसा देतो.

नकार आला तर खिशात दोन वाक्यं ठेवा. पहिलं: 'माणसं साधारण कधी लागतात? तेव्हा येऊन विचारू का?' दुसरं: 'आसपास कोणाला माणूस हवाय असं कानावर आलंय का?' नकार दिलेल्या माणसाला थोडं वाईट वाटत असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर बऱ्याचदा मनापासून मिळतं. मग आभार मानून निघायचं, रेंगाळायचं नाही. बाहेर आल्यावर लगेच वहीत तारीख, जागा, माणसाचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. '१५ दिवसांनी या' असं म्हणाला असेल तर १५ व्या दिवशी खरंच जायचं. असं फार थोडे जण करतात, म्हणून जाणारा लक्षात राहतो.

फोनवर विचारायचं असेल तर वाक्य मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर धरा, आणि उभं राहून बोला. उभं राहिलं की आवाज दबत नाही. पहिले दोन फोन अशा ठिकाणी करा जिथे काम नाही मिळालं तरी चालेल. मनासारखी जागा पहिल्या फोनवर वाया घालवू नका.

पिंपळपान
सुतळीताई, प्रिंट काढून ठेवावा असा प्रतिसाद आहे.

अंगठा
सगळं वाचतोय. एक विचारतो. लिहिता-वाचताच जेमतेम येत असेल तर? फॉर्म पुढे आला की हात थरथरतो. मग माणूस 'नंतर येतो' म्हणतो आणि परत जातच नाही.

टाचणी
@अंगठा, यावर साधा आणि पक्का उपाय आहे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर स्वच्छ मोठ्या अक्षरात पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर, ओळखपत्राचा क्रमांक, आपल्याबद्दल चांगलं सांगेल अशा एका माणसाचं नाव आणि त्याचा नंबर लिहून घ्या. फॉर्म कुठलाही असला तरी बहुतेक जागा याच असतात. कार्ड शेजारी ठेवून बघून उतरवायचं. बघून लिहिण्यात काही कमीपणा नाही, कचेरीत काम करणारेही तसंच करतात. कार्ड पाकिटात घडी न घालता ठेवा. घडीवरचा आकडा पुसला जातो आणि नेमका फोन नंबर चुकतो. फॉर्म घरी न्यायची परवानगी असेल तर दोन प्रती मागा, एक पेन्सिलने सरावाची.

आणि वाचता येत नसेल तर तसं स्पष्ट म्हणा: 'मला वाचायला वेळ लागतो, सांगितलेलं मात्र विसरत नाही.' लपवलं आणि पुढे चुकीच्या खोक्यावर चुकीची पट्टी लागली तर निष्काळजी ठरतो. आधी सांगितलं असेल तर मुकादम पट्ट्या रंगावरून ओळखायला शिकवतो.

अंगठा
कार्ड आजच करतो. धन्यवाद ताई.

मोगरी
कामं कोणती बघायची, यावर अजून कोणी बोललेलं नाही. जिथे माणसांशी कमी आणि वस्तूंशी जास्त संबंध येतो, अशी कामं बुजऱ्या माणसाने आधी बघावीत. गोदामातलं पॅकिंग आणि मोजणी, रोपवाटिका, धुलाई-इस्त्री, शिलाईच्या कारखान्यात धागे कापणं आणि घड्या, छपाईखान्यात पानांची घडी-जुळणी, कार्यालयांची सकाळची किंवा रात्रीची साफसफाई, मोठ्या स्वयंपाकघरातली भांडी. या कामांना प्रमाणपत्र सहसा मागत नाहीत, कारण काम जमतंय की नाही हे अर्ध्या दिवसात दिसतं. दुसरं म्हणजे इथे माणसं वारंवार सोडून जातात, त्यामुळे जागाही वारंवार निघतात.

कडीकोयंडा
मोगरी, इथे मात्र मी सहमत नाही. लपायला जागा मिळाली की माणूस तिथेच राहतो. दोन वर्षांनी ते काम सुटलं की भीड जिथे होती तिथेच असते, वर वय वाढलेलं. बुजऱ्या माणसाने थोडा तरी लोकांशी संबंध येईल असंच काम घ्यावं.

मोगरी
आणि तिसऱ्या दिवशी सोडून घरी बसला तर? मग 'मला जमत नाही' याला पुरावाच मिळाला की.

दुर्बीण
तुम्हा दोघांच्याही मुद्द्यात अर्धं-अर्धं खरं आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा भरवसा कशातून येतो याची चार उगमस्थानं मांडली. स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला करताना बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था. यात सगळ्यांत जोरकस पहिलं, म्हणजे करून जमलेलं. नुसता धीर देणं बरंच कमी पडतं, म्हणून 'तू करू शकतोस' असं दहा वेळा सांगून काही हलत नाही. मोगरी म्हणतात तसं पहिलं काम जमण्यासारखंच हवं. पण जमलेलं काम फारच सोपं असेल तर त्याने भरवसा वाढत नाही, तिथे कडीकोयंड्यांचं म्हणणं लागू होतं.

सुतळी
मोजून संबंध येईल असं काम बघा की मग! पॅकिंगमध्येच, पण माल द्यायच्या खिडकीवर दिवसातून तासभर. साफसफाईतच, पण सामानाची यादी रोज मुकादमाला सांगायची. बोलायचं वाक्य ठरलेलं असतं, समोरचा माणूस रोज तोच असतो. भीड अशीच चेपते, एकाच माणसाशी, एकाच वाक्यावर, रोज.

कडीकोयंडा
हे पटलं.

मोगरी
मलाही. खिडकीवरचा तास म्हणजे मधला मार्ग.

रानवारा
थोडं अवांतर. घरातल्या माणसांसाठी कोणीतरी लिहायला हवं. संध्याकाळी 'लागलं का काही?' हा प्रश्न रोज आला की माणूस बाहेर जाणंच बंद करतो, कारण उत्तर रोज 'नाही' असतं. काम लागणं त्याच्या हातात नाही, विचारणं आहे. म्हणून 'आज किती ठिकाणी विचारलं?' असं विचारा. तीन म्हणाला तर तो दिवस चांगला गेला, विषय संपला. आणि शेजारच्याच्या मुलाचा पगार त्या वेळी काढू नका, कृपया.

कंदील
रानवारा, अवांतर मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात एकच मोठी कापड गिरणी होती. ती बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ हाताशी असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेगही मोजला, पुरुष हळू चालत आणि मध्येच थांबत. दिवसभरात काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं तर बऱ्याच तासांसमोर लिहायला काही नव्हतं. रिकामपण येतं तेव्हा दिवसाचा आकारच जातो. त्याला आळस म्हणून टोचू नये.

म्हणून शोधाच्या काळात उठायची वेळ आणि घराबाहेर पडायची वेळ या दोन गोष्टी घट्ट धरा. बाकी दिवस सैल असला तरी चालतो.

भिंगरी
एकट्याने करू नका, जोडीने करा. नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये काम शोधणाऱ्यांचा गट करून प्रयोग केला होता. प्रत्येकाला एक जोडीदार. एक जण फोनवर कामाबद्दल विचारतो, दुसरा जोडफोनवर ऐकतो आणि नंतर कुठे अडखळलं ते सांगतो. रोज जमायचं, रोज ठरलेले फोन करायचे. दोन महिन्यांत त्या गटातल्या ९० टक्के लोकांना काम लागलं. गटाबाहेरच्या तुलनेच्या लोकांत ते ५५ टक्के होतं.

आज तेच स्पीकरफोनवर करता येतं. जोडीदार शोधताना तोही काम शोधणाराच घ्या. नोकरीवाला मित्र लवकर उपदेशाला लागतो. सांगायची रीतही ठरवून घ्या: आधी जमलेली एक गोष्ट, मग सुधारायची एकच. तीन सांगितल्या तर पुढच्या फोनला माणूस त्या तीन आठवत बसतो आणि वाक्य विसरतो.

पिंपळपान
जोडीने दारोदारही जावं का?

भिंगरी
दारापर्यंत दोघं, आत एकटं. दोघं आत गेलात तर मालक दोघांची तुलना करतो आणि बुजरा मागे पडतो. बाहेर कोणी थांबलंय एवढ्याने पाय उचलतो.

चाकोरी
मुलाखतीचं लिहा कोणी. 'इतकी वर्षं काय करत होता?' याला काय उत्तर द्यायचं? सगळी तयारी तिथे ढासळते.

टाचणी
तीन वाक्यं, त्याहून जास्त नाही. पहिलं खरं कारण, तपशिलाशिवाय. दुसरं, ते आता कुठवर आलंय. तिसरं, समोरच्या कामाकडे वळणारं. 'घरची जबाबदारी होती, त्यामुळे बाहेर काम केलं नाही. आता ती व्यवस्था लागली आहे, रोज पूर्ण वेळ येऊ शकते. तुमच्याकडे पाळी किती वाजता सुरू होते?' शेवटी प्रश्न ठेवायचा, म्हणजे बोलणं पुढे सरकतं. बुजरी माणसं शांतता सहन न होऊन कारणं देत सुटतात, आणि चौथ्या-पाचव्या वाक्यात नको ते बोलून जातात. शाळा का सोडली, यालाही हीच पद्धत.

खोटं सांगू नका. खोट्या अनुभवावर दुसरा प्रश्न आला की चेहरा पडतो. आणि 'मी लवकर शिकतो' हे सगळेच म्हणतात. त्याऐवजी वहीतली एक ओळ सांगा.

कडीकोयंडा
आणि जमेल तिथे काम करून दाखवायची तयारी दाखवा. 'तासभर करून दाखवतो, बघा' हे वाक्य बोलण्यात कच्च्या माणसाला फार सोयीचं. माणसं निवडायच्या पद्धतींवर श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये आधीच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. पुढे कोण चांगलं काम करेल हे ओळखण्यात कामाचा नमुना, म्हणजे काम करून दाखवणं, सगळ्यांत वरच्यांपैकी होता, सहसंबंध ०.५४ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). शिक्षणाची वर्षं ०.१०. २०२२ च्या फेरआढाव्यात नमुन्याचा आकडा बराच खाली आला, तरी नुसत्या अनुभवाच्या वर्षांपेक्षा नमुना वरच राहिला. म्हणजे करून दाखवतो म्हणणारा मालकाच्याही फायद्याचंच बोलत असतो.

मोगरी
पण त्याला मर्यादा हवी! बुजऱ्या माणसाचा फायदा घेतात तो इथेच. तासभर, फार तर अर्धी पाळी. 'आठवडाभर बघू, मग पगाराचं बोलू' म्हणाले तर आधीच सांगायचं, 'तासभर दाखवतो, पुढच्या दिवसापासून रोजचे पैसे ठरवा.' तोंडावर बोलवत नसेल तर संदेश पाठवून विचारा: 'उद्यापासून येऊ का? रोजचे पैसे किती आणि कधी मिळतील ते कळवा.' लेखी विचारणं बुजऱ्यांना सोपं जातं आणि पुरावाही राहतो.

सुतळी
धोक्यांचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करूया.

नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत, गणवेशाचे असोत की प्रशिक्षणाचे, तर तिथून उठायचं. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला द्यायची नाहीत. दाखवायची, प्रत द्यायची, आणि प्रतीवर कशासाठी दिली ते आडवं लिहून तारीख घालायची. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. 'तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवायचे, त्यावर कमिशन' हे काम नव्हेच. चोरीचे पैसे फिरवायला खातं वापरतात आणि सापडतो खातेदार. 'घरबसल्या सोपं काम, शिक्षणाची अट नाही, भरपूर कमाई' हे तिन्ही एकाच जाहिरातीत आलं तर विशेष जपा. अशी जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत असतं की दारोदार जायला घाबरणारी माणसं हीच वाचतील. मला याची चीड येते, म्हणून इतकं लिहिलं.

शेवंती
कामाला लागल्यावरचे पहिले १५ दिवस या धाग्यात यायलाच हवेत. काम मिळवण्याइतकंच ते टिकवणं अवघड, आणि बहुतेक बुजरी माणसं स्वतःहून सोडतात.

सुटतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पाय दुखत असतात, नावं लक्षात राहत नाहीत, हात चालत नाही, आणि इतरांचा वेग बघून वाटतं की आपण ओझं आहोत. शेजारच्याचा हात बसलेला असतो, तुमचा बसायचाय, एवढाच फरक असतो. आधीच ठरवून टाकायचं की १४ दिवसांच्या आत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. अपवाद दोनच: जिवाला धोका किंवा अंगचटीला येणारं वागणं, आणि ठरलेले पैसे न देणं.

खिशात छोटी वही आणि पेन. सूचना मिळाली की ती परत बोलून दाखवायची: 'म्हणजे आधी मोठी खोकी खाली, मग लहान वर, आणि पट्टी उजव्या बाजूला, बरोबर?' बुजरी माणसं समजलं नाही तरी मान हलवतात. मग चुकतं, मग ओरडा बसतो, मग आणखी विचारत नाहीत. ही साखळी परत बोलून दाखवण्याने तुटते. पहिल्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नांवर कोणी रागवत नाही. तेच प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारले तर रागावतात. म्हणून सगळे प्रश्न आधीच विचारून घ्या.

चूक झाली तर दडवायची नाही. तीन तुकड्यांत सांगायची: काय झालं, कुठे झालं, मी काय केलंय. 'तिसऱ्या ओळीतल्या ६ खोक्यांवर चुकीची पट्टी लागली, ती बाजूला काढली आहेत, नवीन पट्ट्या देता का?' इथे 'मी मूर्खच आहे, माझ्याकडून असंच होतं' वगैरे जोडू नका. ऐकणाऱ्याला खोक्यांची काळजी असते.

आणि खाडा करायची वेळ आलीच तर पाळी सुरू व्हायच्या आधी कळवा, नंतर नव्हे. न कळवता एक दिवस गेला की बुजरा माणूस दुसऱ्या दिवशी लाजेने जात नाही, आणि एका खाड्यापायी काम सुटतं.

कंदील
शेवंतीताई, 'ऐकणाऱ्याला खोक्यांची काळजी असते' हे तर भिंतीवर लावायला हवं :)

पिंपळपान
पहिल्या दिवसासाठी तीन खिशांची विजार घ्या मंडळी: एकात वही, एकात टाचणीताईंचं कार्ड, एकात धीर.

दुर्बीण
एक गंभीर गोष्ट. साधा बुजरेपणा आणि आजार यांत फरक करा. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, घराबाहेर पडायच्या कल्पनेनेच धडधड आणि मळमळ होत असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हा धागा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. अशा भीतीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

साध्या भीतीबद्दल एवढंच. दारातून मागे फिरलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती मोठी होते. म्हणून मागे फिरायचंच असेल तर आत जाऊन, एक वाक्य बोलून मग फिरा. नुसतं 'इथे अर्ज कोणाकडे द्यायचा?' विचारून बाहेर आलात तरी ते मागे फिरणं धरू नका. आत जाण्याआधी दोन-तीन वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, धडधड थोडी उतरते. पूर्ण थांबायची वाट बघू नका.

निवडुंग
सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नावर परत येते. हे सगळं एकदम वाचून एखादा दडपून जाईल. उद्या सकाळी, पहिल्याच दिवशी काय आणि किती करायचं?

सुतळी
पहिल्या दिवशी कोणाकडेच काम मागायचं नाही. सकाळी वही, चार रकाने, जमतील तेवढ्या ओळी. दुपारी कार्ड. संध्याकाळी ज्या ३ जागी पुढे विचारायचं आहे त्यांच्या समोरून नुसतं चालत जायचं: फाटक कुठे, गर्दी कधी, पाळी कधी सुटते, माल कधी येतो. हे वहीत लिहायचं. गर्दीच्या आणि माल उतरवायच्या वेळेला कोणी बोलत नाही, ती वेळ टाळता येते.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या माणसाला सांगायचं, 'मी काम शोधतोय, ही तीन कामं येतात.' तिसऱ्या दिवशी जिथे नाही मिळालं तरी चालेल अशी एक जागा, एक वाक्य. चौथ्या दिवशी दोन. पुढे रोज तीन, त्याहून जास्त नाही. पहिल्या उत्साहात १० दारं करणारा दुसऱ्या दिवशी उठत नाही.

चाकोरी
एक भर घालतो: तिसऱ्या दिवसाची जागा आदल्या रात्रीच ठरवा, आणि वेळही. 'सव्वादहा वाजले की त्या फाटकापाशी जायचं आणि वाक्य बोलायचं.' सकाळी उठून ठरवायला बसलं की दुपार होते.

अंगठा
कार्ड झालं. नाव-पत्ता आला, पण 'चांगलं सांगेल असा माणूस' यात कोणाला घालू? नातेवाईक चालेल का?

टाचणी
नातेवाईक शक्यतो नको, समोरचा ते धरत नाही. ज्याचं काम तुम्ही कधी ना कधी केलंय असा कोणीही चालेल: ज्याचं सामान हलवलं, ज्याच्या दुकानात अधूनमधून बसलात, ज्याच्या आईला दवाखान्यात नेलंत. आधी त्याला विचारा आणि फोन आला तर काय सांगायचं तेही सांगून ठेवा: किती दिवस ओळखतो, कोणतं काम केलं, वेळेवर येतो का. नंबर लिहिल्यावर तिथल्या तिथे एकदा लावून बघा, आकडा चुकला नाही ना.

अंगठा
लावून बघितला. त्यांनी उचलला, आणि हो म्हणाले.